गाडीला केलेला नमस्कार

आशालता मयेकर गाडी चालवायला शिकल्या तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीस होतं आणि नवरा अटलांटिक महासागरात होता.

नवऱ्याला विचारलं नव्हतं. विचारणार कुठे? शशिकांत मयेकर मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. सिंगापूर बंदर म्हणून सोयीचं, म्हणून बिऱ्हाड इथे, टॅम्पिनीसमध्ये. एका सुटीत त्यांनी जुनी पांढरी गाडी घेतली. या गावात गाडी एक वेळ परवडेल, पण ती बाळगायचा परवाना परवडत नाही. शशिकांतांनी दोन्ही घेतलं, महिनाभर हौस भागवली, गाडीवर कापडी झाकण घातलं आणि जहाजावर निघून गेले.

मग दर रविवारी प्रबोध नाडकर्णी यायला लागले. हे शशिकांतांचे जुने मित्र. समुद्र सोडून आता किनाऱ्यावरच्या एका शिपिंग कंपनीत जहाजांची दुरुस्ती आणि बिलं तपासणारे सुपरिंटेंडेंट होते. बॅटरी उतरू नये म्हणून ते झाकण काढत, गाडीत बसत, पाव तास इंजिन चालू ठेवत. मग वर येऊन पोहे खात आणि किल्ली खुंटीवर टांगून जात. पूजा आटोपून निघाल्यासारखे.

दोन वर्षं हे चाललं. एका रविवारी आशालता म्हणाल्या, "भाऊजी, इंजिन चालू करताच आहात, तर जरा बाहेरही फिरवून आणा की. मीही येते."

"तुम्हाला कुठे जायचंय वहिनी? सांगा, मी सोडतो."

त्यांना कुठेच जायचं नव्हतं. त्यांना जाता यायला हवं होतं. हा फरक प्रबोधना सांगून समजला नसता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

परीक्षेत तीनदा नापास झाल्या. तिन्ही वेळा गाडी मागे घेताना चाक फुटपाथच्या कडेवर चढलं. मुलगी किमया शाळेतून येऊन विचारायची, "अगेन, मा?" त्या म्हणायच्या, "अगेन." चौथ्यांदा पास झाल्या. त्या रविवारी प्रबोध आले तेव्हा झाकण घडी करून ठेवलेलं, गाडी जागेवर नाही, खुंटी रिकामी. टेबलावर पोहे मात्र होते, वर ताटली ठेवून. ते त्यांनी खाल्ले नाहीत.

चैत्रालीला हे सगळं नंतर कळलं. ती पुण्याहून लग्न होऊन आली ती अठ्ठ्याण्णव सालात. मराठी साहित्यात एम.ए. केलेलं. नवरा धवल चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत कॉम्प्युटरवर. नवऱ्यामागून मिळालेल्या तिच्या राहण्याच्या पासवर नोकरी करायला परवानगी नव्हती. आणलेली पुस्तकं दोनदा वाचून झाली होती. लिफ्टमध्ये तिच्या हातातल्या पुस्तकाचं मराठी नाव पाहून एक उंच, सावळ्या, गुडघ्यापर्यंतच्या पँटवर लांब कुडता घातलेल्या बाई म्हणाल्या, "काय वाचतेस ते मग सांग. आधी चल, नारळ आणायचेत."

चैत्राली गेली. मग जातच राहिली.

आशालता तिच्या आशाकाकू झाल्या. त्यांच्या गाडीत जागा रिकामी नसे. कुणाचं जहाज बंदराबाहेर नांगर टाकायचं. नवरा चार-सहा तासांसाठी लाँचने क्लिफर्ड पिअरच्या धक्क्याला उतरायचा. त्याची बायको कडेवर मूल, हातात डबा, खांद्याला पिशवी घेऊन टॅक्सीच्या रांगेत. पोचेपर्यंत त्यातला एक तास गेलेला. ते आशाकाकूंनी बंद केलं. फोन आला की त्या किल्ली उचलत. पेट्रोलचे पैसे घेत नसत. डबा कुणाचाही असो, त्यातला एक तुकडा मात्र चाखून बघत. "मीठ कमी आहे गं. पण इतक्या दिवसांनी भेटतोय, त्याला कळणार नाही."

चैत्रालीला हे पुस्तकात कुठे भेटलं नव्हतं.

गाडी धडकली ती एका बुधवारी, दिवसाढवळ्या. टेक्का मार्केटातून सुरमई आणि नारळ घेऊन दोघी परतल्या. ब्लॉकशेजारचा बहुमजली कारपार्क, तिसरा मजला. तिथल्या ट्यूबलाइट आठवडाभर गेलेल्या होत्या, बाहेर लख्ख ऊन आणि आत संध्याकाळ. काकूंनी जागेत मागे घेण्यासाठी गाडी थोडी पुढे काढली. त्याच वेळी कोपऱ्यातून एक हिरवी गाडी बाहेर आली. दोघांनीही ब्रेक मारले. तरी टक् झालं. फार तर दोन पातेली एकमेकांना लागावीत इतकंच. मागच्या सीटवरून एक नारळ घरंगळला.

काकू उतरल्या. चालकाकडे गेल्या नाहीत. आधी हिरव्या गाडीच्या डाव्या कोपऱ्यापाशी गेल्या, वाकल्या, जिथे लागलं होतं तिथे उजव्या हाताची बोटं टेकवली, ती कपाळाला लावली आणि हात जोडले. हातातल्या काचेच्या बांगड्या आणि दोन पाटल्या झगमगल्या. कुणाला पाय लागला की आपण करतो ना, तसं. विचार न करता.

चालक उतरला. मिस्टर ओंग, पलीकडच्या ब्लॉकमधले, साठीच्या आसपासचे. त्यांनी बंपर पाहिला. हिरव्या रंगावर बोटभर पांढरी रेघ. काकूंच्या बंपरवर तेवढीच हिरवी. "स्मॉल थिंग, लाह," ते म्हणाले. पत्ते आणि फोन नंबर दिले-घेतले. ते गेले.

वर आल्यावर काकूंनी नारळ फोडला. चैत्रालीने पाहिलं, पहिले दोन घाव चुकले. तीन वर्षांत पहिल्यांदा कुठे लागलं होतं.

आठवड्याभराने पाकीट आलं. आत वर्कशॉपचं आगाऊ बिल आणि ओंग यांची चिठ्ठी. बंपर नवा, डावा दिवा नवा, बॉनेटचा पोचा, रंग, मजुरी. दोन हजार तीनशे डॉलर. चिठ्ठीत लिहिलं होतं की आपण अपघातानंतर माझ्या वाहनासमोर वाकून, प्रार्थना करून चूक कबूल केलीत, तेव्हा वाद नसावा.

काकूंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग मोठ्याने हसल्या. मग हसणं थांबलं.

"मा, जस्ट पे लाह," किमया म्हणाली. "सो पैसे. आय सी हिम एव्हरी डे अ‍ॅट द बस स्टॉप."

चैत्राली गोंधळली. किमयानेच हात हलवून सांगितलं, "पैसे नाही. पाय-से. म्हणजे लाज वाटते."

"मला नाही वाटत," काकू म्हणाल्या.

रविवारी प्रबोध आले. बऱ्याच दिवसांनी आले. त्यांना कुणी सांगितलं होतं कळलं नाही. इथल्या मराठी मंडळात बातमी पोचायला वेळ लागत नाही. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. चैत्राली वाटाणे सोलत बसली होती. ते तिच्याकडे बघून हसले आणि खुर्चीत बसले.

"वहिनी, काळजी करू नका. मी बोललो त्या ओंगशी. दोन हप्त्यांत द्यायचं ठरवलंय. इन्शुरन्सला कळवायचं नाही, नाहीतर पुढच्या वर्षी हप्ता वाढतो. आपापसात मिटवलेलं बरं."

"कुणाच्या आपापसात?"

"म्हणजे?"

"तुमच्या आणि त्यांच्या? धडकले मी."

प्रबोध समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, तुम्ही त्याच्यासमोर हात जोडलेत. आता काय बोलणार? इकडच्या माणसाला ते कसं दिसतं, याचा विचार करायचा असतो. झालं ते झालं. शशी येईपर्यंत आता गाडी झाकून ठेवू. मी येत जाईन रविवारी, बॅटरीसाठी." आणि त्यांनी हात पुढे केला. तळवा वर. "किल्ली द्या."

चैत्रालीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला वाटलं, आता देतील. तिच्या आईने दिली असती. तिने स्वतः तर न मागता दिली असती.

काकूंनी प्रबोधच्या तळव्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात गेल्या. पोह्यांची ताटली आणली आणि त्या तळव्यावर ठेवली.

"खा. गरम आहेत."

"वहिनी, मस्करी नाही. मी शब्द दिलाय त्या माणसाला."

"शब्द तुमचा आहे. पैसेही तुम्हीच द्या."

"दोन हजार तीनशे?"

"मला काय विचारता? मला विचारून ठरवलंत का?"

प्रबोधचा चेहरा लाल झाला. "मी शशीला जहाजावर टेलेक्स करतो."

"करा. त्यांना लिहा, आशाने किल्ली दिली नाही. आणि लिहा, त्यांचंच ऐकून नाही दिली. आमच्याकडे बोटीवरचा नियम घरात चालतो. नवा पार्ट बसवायचा तर आधी जुना काढून दाखवा, मग सही. मिक्सरचं भांडं बदललं तरी हे जुनं भांडं मागतात. तुम्ही ओंगला विचारलंत, जुना दिवा कुठाय?"

सुपरिंटेंडेंट म्हणून हाच प्रश्न प्रबोध रोज दुसऱ्यांना विचारत. ताटली टेबलावर ठेवून ते गेले.

दार लागलं तशा काकू खाली बसल्या. एकदम दमल्यासारख्या दिसल्या.

"चैत्राली, खरं सांग. जोरात लागलं होतं का गं? मला आता खात्री वाटेना. मी तीनदा नापास झालेली बाई. कदाचित माझंच चुकलं असेल सगळं."

हे तिला अपेक्षित नव्हतं. तिला वाटलं होतं काकूंना भीती नसतेच. ती आठवायला लागली. बोलताना तिचे शब्द अडखळत होते. "नाही हो. टक् झालं फक्त. तुम्ही वाकलात. कपाळाला हात लावलात. हात जोडलेत. मला तर इतकं... तुमच्या बांगड्या चमकत होत्या ना, तेच डोळ्यासमोर येतं. आजूबाजूला सगळं काळं आणि मधे तेवढे हात."

काकूंनी मान वर केली.

"काय म्हणालीस? परत सांग."

चैत्रालीने परत सांगितलं.

"बांगड्या चमकत होत्या," काकू म्हणाल्या. "उद्या सकाळी तयार राहा."

दुसऱ्या दिवशी कारपार्कच्या उतारावरून खाली येताना गाडी बंद पडली. काकूंचा पाय क्लचवरून सुटला होता. मागच्याने हॉर्न दिला. त्यांनी दोन्ही हात चाकावर ठेवले, श्वास घेतला आणि आरशात बघून त्याला म्हणाल्या, "वाजव. तुझी आई शिकली असती म्हणजे कळलं असतं." गाडी सुरू झाली.

वर्कशॉप उबी नावाच्या भागात होतं, ओंगच्या मेहुण्याचं. सकाळीच फोन करून काकूंनी ओंगना तिथे बोलावलं होतं. हिरवी गाडी अजून तशीच उभी होती. डावा दिवा फुटलेला, आतला बल्ब लोंबत होता. दिव्याच्या वर बॉनेटला पोचा. खाली बंपरवर ती बोटभर पांढरी रेघ. काकूंनी शेजारी आपली गाडी लावली, उतरल्या आणि पदर नसताना खोचल्यासारखा हात कमरेला नेला.

त्यांचं इंग्रजी मालवणी चालीचं, ओंगचं सिंगापुरी. दोघांचं एकमेकांना व्यवस्थित कळत होतं.

"हा दिवा माझ्यामुळे फुटला?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"एकाच धक्क्यात गेलं सगळं," मेहुणा हात पुसत म्हणाला. "काच, बल्ब, पत्रा. तुमची गाडी लागली तेव्हाच."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

ओंग पुढे आले. वैतागले होते. "आंटी, आता कशाला भांडण? यू प्रे ऑलरेडी, व्हॉट. माणूस चूक नसताना दुसऱ्याच्या गाडीला हात जोडतो का?"

"मी झाडूला पाय लागला तरी हात जोडते," काकू म्हणाल्या. "पेपरवर पाय पडला तरी जोडते. अजून झाडूने बिल पाठवलेलं नाही."

मेहुण्याला हसू आलं. ते त्याने खोकून झाकलं.

"ते काही असो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," ओंग म्हणाले.

"काय पाहिलंत? नीट सांगा. मला ऐकायचंय."

ओंगनी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. गाडीच्या डाव्या कोपऱ्यासमोर उभे राहिले. वाकले. बोटं टेकवली. कपाळाला लावली. हात जोडले. चैत्रालीला त्याही स्थितीत जाणवलं, माणसाने लक्ष देऊन पाहिलं होतं. "असं. बरोब्बर इथे. दोन्ही हात, गोल्डच्या बांगड्या, सगळं क्लिअर."

"क्लिअर?" काकू म्हणाल्या. "त्या मजल्यावर दिवे नव्हते. टाउन कौन्सिलला मी स्वतः दोनदा फोन केलेत. माझे हात तुम्हाला दिसले कसे?"

"माझा हा समोरचा लाइट ऑन होता, माह—"

वर्कशॉपमध्ये कुठेतरी हवा भरायचं यंत्र चालू होतं. ते बंद झालं.

ओंग अजून हात जोडून उभे होते, फुटलेल्या दिव्यासमोर. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. ते हळूच खाली केले.

"कोणता लाइट, मिस्टर ओंग? हा?" काकूंनी लोंबत्या बल्बला बोट लावलं. तो झुलला. "धक्क्यात गेलेल्या बल्बचा उजेड धक्क्यानंतर माझ्या बांगड्यांवर कसा पडला, ते इन्शुरन्सच्या माणसालाही असंच करून दाखवा. मी बोलावते. हप्ता वाढला तर वाढू दे. भरीन."

"इन्शुरन्स कशाला, आंटी," मेहुणा घाईने म्हणाला.

दोघे चिनीत काहीतरी बोलले. आवाज वाढले, मग खाली आले. ओंगनी पाठ फिरवली. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. नंतर कुठल्या खांबाला लागलं, ते काकूंनी विचारलं नाही.

"ती पांढरी रेघ माझी," त्या म्हणाल्या. "तेवढा कोपरा रंगवायचं काय होतं ते सांगा. आत्ता देते. रेघेचे देणार, दिव्याचा एक सेंट देणार नाही."

मेहुण्याने आकडा सांगितला. काकूंनी पर्स उघडली. पावती घेतली. ओंग पाठमोरेच म्हणाले, "यू लॉयर आह?"

"नाही. चीफ इंजिनिअरची बायको. आणि ड्रायव्हर."

गाडीत बसल्यावर त्यांनी चैत्रालीकडे पाहिलं. "तोंड मीट गं. माशी जाईल." चैत्रालीने तोंड मिटलं. ईस्ट कोस्टच्या रस्त्याने गाडी निघाली तेव्हा तिला बोलावंसं वाटत होतं आणि एकही चांगलं वाक्य सुचत नव्हतं. काकू बाहेर समुद्रावर नांगरलेल्या जहाजांकडे बघत गुणगुणत होत्या. त्यांच्या आवाजात सूर नव्हता आणि त्यांना त्याची फिकीरही नव्हती.

प्रबोधनी टेलेक्स केला होता. उत्तर आलं की नाही, कळलं नाही. महिन्याभराने शशिकांतांचं जहाज तेल घ्यायला थांबलं आणि त्यांना दुपारपुरती सुटी मिळाली. काकूंनी डबा भरला. सुरमईचं तिखलं, भात, सोलकढी. चैत्राली आणि किमया मागे बसल्या.

क्लिफर्ड पिअरवर प्रबोध आधीच हजर होते. लाँच लागली. शशिकांत उतरले, बुटके, जाड भिवयांचे, हातात छोटी बॅग. बायकोकडे बघून हसले, किमयाच्या डोक्यावर टपली मारली. मग गाडीपाशी जाऊन वाकले. इंजिनिअरची नजर. बंपरवरच्या हिरव्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"हे रंगवून घ्यायचं राहिलं वाटतं?"

"राहिलं नाही. ठेवलंय," काकू म्हणाल्या.

प्रबोध पुढे झाले. "शशी, मी तुला कळवलंच होतं. वहिनींना मी सांगितलं होतं की तू येईपर्यंत—"

"वाचलं," शशिकांत म्हणाले. रुमालाने अंगठा पुसला. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचा हात पुढे झाला. तळवा वर.

चैत्रालीला तो हात ओळखीचा वाटला.

काकूंनी त्या तळव्यावर डबा ठेवला. "नीट धरा. सोलकढी आहे, सांडेल." आणि त्या वळसा घालून उजवीकडे गेल्या, दार उघडलं, चाकामागे बसल्या.

शशिकांत क्षणभर डबा घेऊन उभे राहिले. डब्याकडे पाहिलं. रेघेकडे पाहिलं. मग डावीकडचं दार उघडून निमूटपणे बसले आणि डबा मांडीवर घेतला. "सीट मागे जाते का गं ही?"

"खालचा दांडा ओढा. हो, तोच."

प्रबोध पिअरवर एकटेच उभे होते. ऊन कडक होतं आणि टॅक्सीची रांग लांब. काकूंनी काच खाली केली.

"तुम्हाला कुठे जायचंय, भाऊजी? सांगा, मी सोडते."

त्यांनी रांगेकडे बघितलं. पुन्हा गाडीकडे बघितलं. शेवटी मागचं दार उघडलं. चैत्राली आणि किमया सरकल्या.

"पट्टा लावा," काकू आरशात बघत म्हणाल्या, आणि प्रबोधनी तो लावेपर्यंत गाडी हलवली नाही.